माहिती सरांची जाहीर दुरुस्ती

नववीतल्या एका मुलाची सायकल शाळेच्या कुंपणाजवळून नाहीशी झाली, तेव्हा त्याचे वडील जाळं तसंच होडीत टाकून शाळेत आले. स्टाफरूमच्या दारातूनच त्यांचा आवाज चढला.

“पोराची नवी सायकल गेली! तुम्ही सगले काय करत व्हता?”

आम्ही सगळ्यांनी वह्या तपासायला घेतल्या. एकटे सर उठले. दारापर्यंत गेले, त्या माणसाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “अभिनंदन.”

त्या माणसानं हात ओढून घेतला. सर पुढे बोलतच राहिले.

“तुमच्या माहितीसाठी सांगतो. अमेरिकेत बारा वर्षांच्या एका मुलाची अशीच सायकल चोरीला गेली होती. चोराला ठोकून काढायचा म्हणून तो मुष्टियुद्ध शिकायला लागला आणि पुढे जगज्जेता झाला. तेव्हा सायकल गेली हे काही फार वाईट नाही. आता तुमचा मुलगा काय करणार आहे, एवढाच प्रश्न आहे.”

“त्यो काय करनार न्हाय,” वडील म्हणाले. “मी करनार हाय. तुमची सायकल कुठली?”

सरांनी प्रामाणिकपणे बोट दाखवलं. तो माणूस ती घेऊन गेला. अकरा दिवस सर दीड कोस चालत शाळेत येत होते. बाराव्या दिवशी मुलाची सायकल त्याच्याच मावसभावाकडे सापडली आणि सरांची परत आली. मधल्या काळात सर काही जगज्जेते झाले नाहीत. त्यांच्या चपलेचा अंगठा तेवढा तुटला.

हे आमचे पी.टी.चे सर. मुरूड आणि आगरदांडा यांच्या मधल्या गावातली आमची माध्यमिक शाळा. मी तिथे विज्ञान शिकवते. मी नोकरीला लागले तेव्हाच इतिहासाची जागा बरीच वर्षं रिक्त होती. सरांचे तास फक्त मैदानावरचे, म्हणून इतिहास त्यांच्या गळ्यात पडला होता. गळ्यात शिट्टी आधीपासून होतीच. ती ते लग्नातसुद्धा काढत नसत. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवरा-नवरींच्या फोटोत मागच्या रांगेत एक उंच, किंचित वाकलेला माणूस शिट्टीसकट उभा आहे. मुलं त्यांना ‘माहिती सर’ म्हणत, कारण त्यांचं निम्मं बोलणं ‘तुमच्या माहितीसाठी सांगतो’ असं सुरू होत असे.

इतिहास आणि पी.टी. हे दोन विषय एकाच माणसाकडे आल्यामुळे सरांनी ते एकच करून टाकले होते. राजा कसा होता, तर त्याचे दात कसे होते, पोट साफ होतं का, घोड्यावरून उतरल्यावर त्याची पाठ दुखायची का. “लढाई कोणी जिंकली ते पुस्तकात आहे,” ते वर्गात सांगत. “त्या दिवशी सकाळी तो जेवला होता का, ते माझ्याकडे विचारा.” एका इंग्रज राणीचे दात साखर खाऊन खाऊन काळे पडले होते, हे आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांनाही माहीत होतं. त्या राणीनं राज्य कधी केलं, हे दहावीच्यांनाही नव्हतं. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाची कवळी लाकडाची नव्हती, असं ते फार कळवळून सांगत. लाकडाची होती असं मुळात आमच्या गावात कोणीच म्हटलेलं नव्हतं.

आणि नाव घ्यायचं नाही. कुणाचंच नाही. फ्रान्सचा सम्राट म्हणजे ‘तो फ्रान्सचा’. सापेक्षतावाला शास्त्रज्ञ म्हणजे ‘तो बिनमोज्याचा’. अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा धावपटू म्हणजे ‘आपला अनवाणी’. मी एकदा कारण विचारलं.

“बाई, नाव घेतलं की पोरं हात जोडतात,” सर म्हणाले. “हात जोडले की कान बंद होतात. त्यापेक्षा नावाशिवाय सांगावं. पोरांना वाटतं, गावातल्याच कुणाबद्दल चाललंय. मग ऐकतात.”

ऐकत होती हे खरं. पण सहामाहीत एका मुलानं उत्तर लिहिलं, ‘फ्रान्सचा बुटका नव्हता, फूटपट्टी वेगळी होती.’ प्रश्न फ्रेंच राज्यक्रांतीच्या परिणामांचा होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो पेपर सरांसमोर धरला. सरांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, “माहिती बरोबर आहे.” आणि अर्धा गुण दिला.

महाराजांचा धडा मात्र सर ताठ उभे राहून, पुस्तकातून, अक्षर न् अक्षर वाचून दाखवत. त्यात ना दात, ना पोट, ना पाठ. मी म्हटलं, “इथे कसे हो तुम्ही एकदम सरळ?”

“मला अजून आठ वर्षं याच तालुक्यात नोकरी करायची आहे,” सर म्हणाले.

त्यांना वेळेचं भान असे, पण प्रसंगाचं नसे. मोठ्या बाईंचे सासरे वारले तेव्हा शोकसभा होती. दोन-तीन जण रीतसर बोलले. मग सर उठले आणि म्हणाले की, तो फ्रान्सचा वारला ते बेटावर, आणि त्याला मायदेशी आणून पुन्हा पुरायला एकोणीस वर्षं लागली. तेव्हा काकांचं सगळं एका दिवसात, वेळेवर आणि घराजवळ उरकलं, यात कुटुंबीयांनी समाधान मानावं. मोठ्या बाई तोंडावर पदर घेऊन हुंदके देत होत्या असं सगळ्यांना वाटलं. त्या हसत होत्या, हे त्यांनी मला पुढे तीन वर्षांनी सांगितलं.

आता हे सगळं तोंडाला येईल ते सांगणं असतं, तर मी सरांना गावठी गप्पिष्टांच्या रांगेत बसवून मोकळी झाले असते. पण तसं नव्हतं. त्यांचा एक नियम होता. कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय वर्गात सांगायची नाही. “एक साक्षीदार म्हणजे अफवा,” ते म्हणत. शनिवारी अर्धी शाळा सुटली की एस.टी. पकडून ते अलिबागच्या वाचनालयात जात. तिथले ज्ञानकोशाचे खंड, जुनी क्रीडामासिकं, जाडजूड चरित्रं उपसत. संध्याकाळी परत येत ते कधी खुशीत, कधी पडलेल्या चेहऱ्यानं. “बाई, तो बिनमोज्याचा गणितात नापास झालाच नव्हता,” असं एकदा ते एवढ्या दुःखानं म्हणाले, की मला वाटलं घरी काही झालं. दुसऱ्या दिवशी गणितात नापास झालेल्या सहा मुलांना एकत्र बोलावून सरांनी तो आधार काढून घेतला.

आणि असल्या माणसाची चूक माझ्या हातून उघडी पडली.

क्रीडा महोत्सवाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सुरुवातीला सांगायला काहीतरी हवं होतं. मला सरांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट आठवली. आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशातली ती लांब पल्ल्याची धावपटू, जगभर पदकं जिंकलेली. ती म्हणे शाळेत असताना दर शर्यतीत शेवटची यायची. ही गोष्ट आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली होती. पळण्यात मागे पडणाऱ्याला, परीक्षेत मागे पडणाऱ्याला, एवढंच काय, लग्न जमत नसलेल्या माजी विद्यार्थ्यालासुद्धा सर हीच गोष्ट सांगत. मला तिचं नाव हवं होतं. सर सांगणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून स्टाफरूममध्ये बसून मी फोनवर शोधलं.

नाव मिळालं. तिची एक मोठी मुलाखतही मिळाली. तीत तिनं सांगितलं होतं की, शाळेतली प्रत्येक शर्यत ती जिंकायची. घरी मात्र सगळ्या भावंडांत ती नेहमी शेवटची यायची, कारण शाळा सुटल्यावर ती मैदानावर पळत राहायची.

मी फोन पालथा ठेवला. पण माझं तोंड बघून सरांनी विचारलं, “काय झालं बाई?”

मला खोटं बोलता आलं असतं. ‘काही नाही, घरचा मेसेज’ एवढं पुरलं असतं. पण समोर कोण बसलं होतं! मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ती मुलाखत दोनदा वाचली. मग म्हणाले, “याला दुसरा साक्षीदार?” मी दुसरं पान काढून दिलं. त्यातही तेच.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर सातवीची मुलं वाळूत कबड्डीची रेघ मारत होती.

“पुडीचा कागद होता,” ते म्हणाले. “शेंगदाण्याच्या. वर्तमानपत्राचा तुकडा. ‘ती नेहमी शेवटची यायची’ एवढं होतं आणि पुढे फाटलेलं. मला वाटलं, शर्यतीतच.”

“पण सर, तुमचा नियम?”

“ती पोर रडत होती हो. अलिबागला जाऊन दुसरा साक्षीदार शोधेपर्यंत तिनं शाळा सोडली असती.”

ती पोर मला माहीत होती, गावात सगळ्यांनाच होती. त्या वेळी नववीत. अंगानं जाड, धावण्यात कायम शेवटची. वर्गातल्या मुली तिच्या पावलांच्या तालावर टाळ्या वाजवायच्या. तिचे वडील भातशेती करून उन्हाळ्यात रोह्याच्या कारखान्यात कंत्राटावर जाणारे. ते म्हणत, “घरी बस, भाकऱ्या शिक.” क्रीडा दिनाला ती अशीच शेवटची आली आणि बंदराजवळच्या दगडावर जाऊन रडत बसली. सरांनी तिला तिथे पुडीतली ती गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे किनाऱ्यावर पळायला लागली. वडील एकटीला सोडेनात, म्हणून सर बरोबर पळत. अशी दोन वर्षं. पुढे ती पोलीस भरतीत धावण्याची चाचणी पार करून निवडली गेली. आमच्या गावातली पहिली मुलगी. आता ती अलिबागला शिपाई होती. सरांनी एका साक्षीदारावर सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तिचीच फळं समोर खाकीत उभी होती. मग सरांनी ती गोष्ट पुढच्या सगळ्यांना सांगितली आणि दुसरा साक्षीदार राहून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर पुढे आले आणि म्हणाले, “मी गेली चौदा वर्षं तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगत आलो आहे.” मुलं दहा ते सोळा वर्षांची. त्यांना यातलं काही झेपलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या बाई म्हणाल्या, “झालं ना सर? आता सोडा.”

“ही तर आताची मुलं झाली,” सर म्हणाले. “आधीच्या तुकड्यांचं काय?”

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप गट होता. सरांनी रात्री जेवण झाल्यावर तिथे ‘जाहीर दुरुस्ती’ टाकली. भलीमोठी. सुरुवात होती, ‘अत्यंत खेदाने कळवतो की’. गटावर एवढंच वाचायची पद्धत असते. पहिला म्हणाला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याच्या पाठोपाठ सतरा श्रद्धांजल्या पडल्या. एकानं कोणाच्या तरी लग्नातला सरांचा फोटो कापून, भोवती फुलं घालून टाकला. त्यात शिट्टी स्पष्ट दिसत होती. सकाळी पनवेलहून मला फोन आला, “मॅडम, नेणार कधी?” शेवटी सरांनी स्वतः गटावर लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’ त्याला तिघांनी हात जोडले आणि एकानं ‘अभिनंदन सर’ लिहिलं.

“लेखी होत नाही हे,” सर म्हणाले. “घरोघर जावं लागेल.”

मी म्हटलं मीही येते. उपकार म्हणून नाही. हे सगळं मीच करून ठेवलं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बघायचंही होतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. सर पुढे सायकलवर, मागे मी स्कूटीवर, त्यांच्या वेगानं. समुद्राकडेच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या आमच्यामागे भोंगे वाजवत. घरोघर तोच प्रकार. आधी पाणी, मग सरबत, मग सर उभे राहून दुरुस्ती सांगणार, मग घरातले एकमेकांकडे बघणार. बहुतेकांनी ऐकून ‘असू दे हो सर’ म्हटलं. एका ठिकाणी होमस्टे चालवणाऱ्या मुलीनं आम्हाला सोलकढी दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण सर, ही गोष्ट तुम्ही मला सांगितलीच न्हाय. त्या दिवशी मी शाळेत नव्हते.” सर अडकले. चुकीची माहिती दिलीच नसेल तर दुरुस्त काय करणार? थोडा विचार करून त्यांनी तिला आधी चुकीची गोष्ट पूर्ण सांगितली, मग ती दुरुस्त केली. तिला दोन्ही आवडल्या. तिच्या मते पहिली जास्त चांगली होती.

मुरूडला एकाची व्यायामशाळा होती. आत गेलो तर समोरच्या भिंतीवर हातभर लाल अक्षरांत रंगवलेलं, ‘शाळेत शेवटची, जगात पहिली!’ खाली पळणाऱ्या बाईचं चित्र. तिचे गुडघे उलटे वाकले होते.

“हे पुसून टाक,” सर म्हणाले.

“न्हाय हो सर!” तो जवळजवळ रडकुंडीला आला. “पेंटर रोह्यावरनं आनला व्हता. निम्मी पोरं ह्या भिंतीकडं बघून येतात.”

“खोटी आहे ती.”

“खोटी आसल, पन वजन उचलतात ना!”

बराच वेळ दोघं हटेनात. मी मध्ये पडून काही बोलणार, तोच सरांनी कोपऱ्यातला रंगाचा डबा बघितला. तिथे बाकाला रंग देणं चाललं होतं. त्यांनी ब्रश उचलला, स्टुलावर चढले आणि वाक्याच्या शेवटी एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. खाली उतरून लांबून बघितलं. “आता चालेल,” म्हणाले. ते प्रश्नचिन्ह अजून तिथे आहे. पोरं म्हणे वजन उचलायच्या आधी त्याला हात लावून नमस्कार करतात.

यादीत शेवटी एकच नाव राहिलं. जिला ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली, तिच्याकडे सर सगळ्यांत शेवटी निघाले होते. तीन रविवार त्यांनी निमित्तं काढली. एकदा सायकलची साखळी. एकदा पोट. मी संधी साधून म्हटलं, “सर, तिला नका सांगू. बाकीच्यांचं ठीक आहे, त्यांचं काही अडलं नव्हतं. तिची नोकरी, तिचं सगळं त्या गोष्टीवर उभं आहे. तुम्ही पायाच काढून घ्याल.”

“म्हणूनच जायला हवं,” सर म्हणाले. “माझ्या चुकीवर ती इतकी वर्षं उभी आहे आणि तिला ते माहीत नाही. उद्या तिला दुसऱ्या कुणी सांगितलं तर?”

“कोण सांगणार आहे?”

“तुम्ही मला सांगितलंतच की.”

पुढच्या रविवारी मी एस.टी.ची दोन तिकिटं काढली.

एस.टी.त दोन तास ते एक अक्षर बोलले नाहीत. रेवदंड्याचा पूल आला तेव्हासुद्धा नाही, एरवी तिथे पोर्तुगीजांच्या आंघोळीबद्दल काहीतरी असायचंच. अलिबागला पोलिसांच्या कार्यालयात दाराशी एक हवालदार टेबल टाकून बसले होते.

“काय, तक्रार द्यायची हाय?”

“नाही,” सर म्हणाले. “दुरुस्ती आहे.”

“रस्त्याची? ती बांधकाम खात्यात. पुढं जाऊन डावीकडं.”

मी तिचं नाव सांगितलं. पाच मिनिटांत ती आली. खाकी गणवेश, घट्ट बांधलेला अंबाडा, खांदे सरळ. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिचा चेहराच उतरला. “सर? काय झालं? घरी बरं हाय ना?”

“घरी सगळं बरं आहे,” सर म्हणाले आणि सावधानमध्ये उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दगडावर बसून ती रडत होती तिथपासून. पुडी, फाटलेला कागद, खरी मुलाखत, दोन साक्षीदार. “मी तुला चुकीचं सांगितलं. ती कधीच शेवटची येत नव्हती. तुला जे वाटलं ते खोट्यावर वाटलं. मला माफ कर,” एवढं म्हणून ते थांबले.

ती माझ्याकडे बघू लागली. मग त्यांच्याकडे.

“कुठली धावपटू, सर?”

“तीच. आफ्रिकेतली.”

“सर, राग मानू नका,” ती हळूच म्हणाली, “पन मला काय आठवत न्हाय.”

“आठवत नाही म्हणजे? दगडावर...”

“रडत व्हते ते आठवतंय. तुम्ही येऊन कायतरी बोलत व्हता तेपन आठवतंय. पन तुम्ही सदाच कायतरी बोलत असायचात ना!”

चौदा वर्षं, सगळे रविवार, सतरा श्रद्धांजल्या, आणि जिच्यासाठी ती गोष्ट होती तिला ती आठवतही नव्हती. सरांचा चेहरा असा झाला की मला हसूही येईना. त्यांनी विचारलं, “मग तू पळायला का लागलीस?”

“तुमच्यामुळं!” ती लगेच म्हणाली. “तुम्ही माझ्या मागनं पळायचात ना. मुद्दाम. मी शेवटची येऊ नये म्हनून. एवढा मोठा मानूस, पी.टी.चे सर, दोन वर्षं रोज माझ्यासाठी शेवटचे आले. मला वाटायचं, सर माझ्यासाठी हरतात, तर मला पळायलाच पायजे. भरतीच्या पोरींना मी हेच सांगते सर. मला एक असे सर व्हते म्हनून.” बोलता बोलता तिनं डोळे पुसले.

इथे थांबायला हरकत नव्हती. यापेक्षा चांगला शेवट कोणाला मिळतो? मी सरांच्या शर्टाची बाही मागून ओढली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर जे येत होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. मी बाही आणखी जोरात ओढली.

“हे बरोबर नाही,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“मी मुद्दाम मागे नव्हतो. माझे तळवे सपाट आहेत. मला पळता येत नाही. कधीच आलं नाही. पी.टी.च्या शिक्षकाला पळावं लागत नाही, उभं राहून ओरडलं की भागतं, म्हणून कुणाला कळलं नाही.” त्यांनी घाम पुसला. “मी जीव तोडून पळायचो. तुला गाठून विचारायचं असायचं, दमलीस का म्हणून. पण तू सापडायचीच नाहीस.”

हवालदारांनी लिहायचं थांबवलं होतं. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. एक गोष्ट दुरुस्त करायला आलो आणि हिच्याजवळ होती नव्हती ती दुसरीही काढून घेतली.

“म्हंजे सर,” तिचा आवाज बदलला होता, “मी तुम्हाला हरवायची?”

“हो.”

“रोज?”

“पहिले पंधरा दिवस नाही. तेव्हा तू फारच हळू होतीस, माझ्याही मागे असायचीस. त्यानंतर रोज.”

“खरोखर?”

“एकदाही अपवाद नाही.”

“आनि मला कोनी सांगितलं न्हाय?” ती एवढ्यानं ओरडली की आतून दोघं शिपाई बाहेर आले. “मी शाळेत शेवटची येनारी, नववीत असताना एका मोठ्या मानसाला हरवत व्हते, आनि मला वाटत व्हतं सर सोडून देतात!”

“मला वाटलं तुला दिसतंय,” सर म्हणाले.

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग उघडंच. बाहेर आलेल्या शिपायांना तिनं धरलं. “ह्यांना बघा. हे आमचे पी.टी.चे सर. ह्यांना मी नववीत हरवलंय. दोन वर्षं. खरंखुरं!” मग एकदम थांबली, डोळे बारीक केले आणि सरांकडे वळली. पोलिसाची नजर होती ती. “खोटं तर बोलत न्हाय ना? मला बरं वाटावं म्हनून?”

“मी?” सर म्हणाले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा एवढा अपमान कुणी केला नसेल.

“मग चला. मागं मैदान हाय.”

“आत्ता?” मी मध्ये पडले. “अगं, सर छप्पन्न वर्षांचे आहेत!”

पण सरांनी पिशवी माझ्या हातात दिली होती आणि ते चपला काढत होते. चपला त्यांनी भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. मैदानाच्या या टोकाला दोघं उभे राहिले, ती बुटांत, सर अनवाणी. कार्यालयातली होती नव्हती ती माणसं व्हरांड्यात आली. हवालदारांनी हात वर केला आणि खाली आणला.

ती सुटली. तिला पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. कोपर अंगाला चिकटलेले, मान स्थिर, बुटांचा आवाज एका लयीत. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती वळली तेव्हा तिला धापसुद्धा लागली नव्हती.

सर अर्ध्यावरही पोहोचले नव्हते. दोन्ही हात पाणी कापल्यासारखे दोन दिशांना चालले होते आणि पावलं जमिनीवर फटाफट आपटत होती. शर्ट बाहेर आला होता. व्हरांड्यात आधी कुणीतरी खुदकलं, मग सगळे गप्प झाले, कारण हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं तो लावत होता.

भिंतीला पाठ टेकून ती त्यांच्याकडे बघत होती. हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं.

“सर, जोरात पळा!” ती तिकडून ओरडली.

“जोरातच पळतोय!” सर ओरडले.